झाड तुटण्याआधी आणि तुटल्यानंतर : जमिनीवरचं मॉस मोजायची रीत

झाड तुटलं की आपण बुंध्याचा घेर मोजतो, वय विचारतो, फोटो काढतो. त्याच्या बुडाशी, दगडांच्या सांदीत, नाल्याच्या काठाला धरून असलेलं मॉस मात्र कोणी मोजत नाही. ते मोजायला हवं, आणि मोजणीला सुरुवात झाड उभं असतानाच व्हायला हवी. तोड झाल्यावर तिथे पोचलेल्या माणसाला मॉसबद्दल जवळजवळ काहीच सांगता येत नाही, कारण आधी तिथे किती होतं हेच त्याला ठाऊक नसतं.

मी नागपूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्याआधी काही उन्हाळे उत्तर स्वीडनमध्ये, उमेओच्या आसपासच्या जंगलात, मोजणीच्या कामावर होते. पुढे दिलेली रीत मुळात तिकडची. सेमिनरी हिल्स, अंबाझरी, गोरेवाडा आणि रस्त्याकडेची जुनी झाडं इथे ती चालावी म्हणून मी तिच्यात बरेच बदल केलेत. महाविद्यालयातली मुलं, शाळेतले विज्ञान शिक्षक, आपल्या वॉर्डातल्या झाडांवर लक्ष ठेवणारी मंडळी, यांच्यापैकी कोणालाही हे जमेल. खर्च किरकोळ आहे. चिकाटी मात्र वर्षभराची लागते.

एक गोष्ट आधीच सांगते. पावसाळ्यात पाण्याच्या टाकीवर किंवा गच्चीवर जो हिरवा बुळबुळीत थर येतो, ते आपल्याला मोजायचं नाही. मॉसला बारीक खोड आणि पानं असतात. बोट फिरवलं तर ते मखमली लागतं, पाय घसरवत नाही. शंका आली तर भिंग लावा. पानं दिसली की मॉस.

उत्तरेच्या जंगलात काय घडतं

कॅनडा, अलास्का, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया यांच्यामधून सूचिपर्णी जंगलांचा एक प्रचंड पट्टा जातो. त्यालाच बोरियल जंगल म्हणतात. वर स्प्रूस आणि पाइन, मध्ये बर्च, आणि खाली जमिनीवर नजर जाईल तिथपर्यंत मॉस. बोट रोवलं तर आत जाईल इतका जाड थर. त्यातली दोन नावं लक्षात ठेवा : हायलोकोमियम स्प्लेंडेन्स आणि प्लुरोझियम श्रेबेरी. दोघांच्याही फांद्या पिसासारख्या फुटतात.

हायलोकोमियमची एक काडी अलगद सोडवून तळहातावर ठेवली की त्यात जिना दिसतो. दर वर्षी नवा फुटवा मागच्या वर्षीच्या फांदीच्या साधारण मधून वर निघतो आणि आडवा पसरतो. म्हणजे एक पायरी, एक वर्ष. वरच्या काही पायऱ्या हिरव्या, त्याखालच्या तपकिरी, आणि सगळ्यात खालच्या मातीत विरघळत चाललेल्या. पायऱ्या मोजल्या की वय कळतं. एखादी पायरी आखूड निघाली तर ते वर्ष मॉससाठी वाईट गेलं असं समजायचं. झाडतोडीचा परिणाम वाचायला याहून सोयीची वनस्पती मला अजून भेटलेली नाही.

मॉसला मुळं नसतात. जमिनीला धरून ठेवणारे धागे असतात, पण खोलवरून पाणी ओढण्याचं काम ते करत नाहीत. पाऊस, दव, धुकं, वरच्या फांद्यांवरून टपकणारं पाणी, यांतून मिळेल तेच त्याचं. बहुतेक मॉसचं पान, मधली शीर सोडली तर, एका पेशीइतकंच जाड असतं. हवा कोरडी झाली की मॉस कोरडं होतं आणि त्याची वाढ थांबते. ओलं झालं की पुन्हा सुरू. त्यामुळे वरची सावली गेली की मॉसचं सगळ्यात मोठं नुकसान कुऱ्हाडीने किंवा यंत्राने होत नाही. ऊन, वारा आणि कोरडी हवा हळूहळू ते करतात. सलग तोड झालेल्या जागेवर पिसासारखं मॉस आधी फिकं पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. खुंटाच्या आडोशाला किंवा खोलगट जागी थोडं टिकून राहतं. छाटलेल्या फांद्यांचा ढीग त्याच्यावर पडला तर ते त्याखाली गुदमरतं. जड यंत्रांच्या चाकोऱ्यांत ते चिरडलं जातं. म्हणून तिकडे जमीन गोठलेली आणि बर्फाखाली असताना केलेल्या तोडीत जमिनीवरच्या थराला इजा कमी होते.

पण जागा रिकामी राहत नाही. उघड्या पडलेल्या मातीवर दुसरीच मॉस येतात. पॉलिट्रायकम येतं, त्याच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या पेशी असतात आणि ते ऊन सोसतं. तांबूस दांड्यांचं सेरॅटोडॉन पर्प्युरिअस येतं. जमीन जळली असेल तर फ्युनारिया येतं, तेच जे आपली मुलं पाठ्यपुस्तकात आकृती काढून शिकतात. परिणाम असा, की काही वर्षांनी एकूण हिरवा भाग पुष्कळ दिसू शकतो, पण त्यातली मंडळी बदललेली असतात. ‘मॉस परत आलं’ असं म्हणायच्या आधी कुठलं मॉस ते विचारायचं. झाडं वाढून वरचं छत मिटलं की पिसासारखी मॉस परततात, पण त्यात दशकं जातात. सगळ्यात जास्त फटका बसतो तो कुजक्या, मऊ पडलेल्या ओंडक्यांवर राहणाऱ्या, मॉसच्याच नात्यातल्या चिमुकल्या लिव्हरवर्टना. त्यांना ओलसर सावली हवी आणि जुनं, जाड, पडून राहिलेलं लाकूडही हवं. नियमित तोड होणाऱ्या जंगलात दोन्ही दुर्मीळ.

हे नुकसान गेलेल्या मॉसपुरतंही राहत नाही. प्लुरोझियमच्या पानांमध्ये सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू राहतात; ते हवेतला नायट्रोजन झाडांना वापरता येईल अशा रूपात आणतात. स्कँडिनेव्हियातल्या जंगलांत ते वर्षाला हेक्टरी साधारण दीड ते दोन किलो नायट्रोजन जमा करतात, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. आकडा आपल्याकडच्या शेतीच्या हिशेबाने क्षुल्लक वाटेल. त्या थंड, भुकेल्या जमिनीसाठी तो मोठा आहे.

मग उपाय म्हणून सगळी झाडं न तोडता काही राखून पाहिली गेली. कॅनडात अल्बर्टा प्रांताच्या वायव्येला ‘एमेंड’ नावाचा प्रयोग आहे. तिथे १९९८-९९ च्या सुमारास जंगलाच्या वेगवेगळ्या तुकड्यांत १०, २०, ५० आणि ७५ टक्के झाडं राखली, काही तुकडे सलग तोडले आणि काहींना हातच लावला नाही. राखलेली झाडं जितकी जास्त, तितकी मॉस आणि लिव्हरवर्टची हानी कमी, असा तिथल्या मोजणीचा कल आहे. मला या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो हात न लावलेला तुकडा. तो नसता तर बाकी आकड्यांना अर्थच राहिला नसता.

नागपूरला काय वेगळं आहे

हे नीट समजून न घेता स्वीडनची पद्धत इथे लावली तर हाती चुकीचं उत्तर येईल, म्हणून जरा थांबते.

पहिलं, आपल्या जंगलात जमिनीवर मॉसचा सलग थर नसतो. सागाची पानं ताटाएवढी, त्यांचा पाचोळा जमीन झाकून टाकतो. त्यात उन्हाळी वणवे, आणि मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली जाळलेला पाला. म्हणून आपलं मॉस राहतं दगडांवर, नाल्याच्या उभ्या काठावर, बुंध्याच्या बुडाशी आणि जुन्या विटांच्या भिंतीवर. शोधायचं तिथेच.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं. स्प्रूस बारमाही हिरवा. साग उन्हाळ्यात उघडा. झाड तोडा किंवा ठेवा, सागवनाच्या जमिनीवर एप्रिल-मे महिन्यात ऊन पडणारच, आणि आपलं मॉस तेव्हा आधीच वाळून झोपलेलं असणार. त्यामुळे मे महिन्यात जाऊन ‘बघा, तोडीने मॉस मेलं’ म्हणणं खोटं ठरेल. आपल्याकडे सावलीचा उपयोग होतो तो पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत. पाऊस उघडल्यावर मॉस आणखी किती आठवडे ओलं, उघडं, हिरवं राहतं, हे सावली ठरवते. उत्तरेत वर्षाची पायरी मोजतात, आपण हिरवे आठवडे मोजायचे. मी माझ्या मुलांना सगळ्यात आधी हेच शिकवते.

तिसरं, सूर्याची दिशा. उमेओला जूनच्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच चढतो आणि दक्षिणेला असतो. म्हणून तिकडे जंगलाच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या कडेवर मॉसची वाढ उत्तरेकडच्या कडेपेक्षा कमी निघते. नागपूर २१ अंशांवर. जूनमध्ये दुपारचा सूर्य माथ्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला. इथे मला दक्षिणेपेक्षा पश्चिम जास्त छळणारी दिसते, दुपारनंतरचं ऊन. प्रत्येक चौकटीची दिशा लिहून ठेवा, म्हणजे हे तुमचं तुम्हाला तपासता येईल.

सामान

दहापट भिंग. पाण्याची फवारणीची बाटली. वायरिंगच्या पातळ पाइपची, आतून २० सेंटिमीटर बाजू असलेली चौकोनी चौकट. तिच्यावर दर ४ सेंटिमीटरला दोरा ताणला की २५ घरं होतात, एक घर म्हणजे ४ टक्के. मीटर टेप. एनॅमल रंगाची छोटी डबी आणि काडी. साधा डिजिटल तापमापक, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, भांडी घासायचे नवे स्पंज. वही आणि पेन्सिल, कारण पावसात पेनची शाई पसरते. बाकी काम मोबाईल करतो. भिंग सोडलं तर सगळं बर्डीच्या बाजारात एका फेरीत मिळतं.

जागा निवडणं

तोड कुठे होणार हे आधी कळायला हवं. शहरात झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडं जतन कायद्याखाली परवानगी लागते आणि हरकतींसाठी सूचना लागते. ती झाडावर चिकटवलेली असते, वर्तमानपत्रातही येते. रस्तारुंदीकरणात बुंध्यावर रंगाने आकडे पडतात. आकडे दिसले की त्याच आठवड्यात पहिली मोजणी उरका. वनविभागाच्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, काम करायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. राखीव जंगलात किंवा पेंचसारख्या व्याघ्रप्रकल्पात परवानगीशिवाय पाऊलही टाकू नका. सुरुवातीला तर मी शहरातलीच जागा सुचवीन. रोज जाता येतं, आणि या कामात रोज जाता येणं फार उपयोगी.

दोन जागा लागतात. एक जिथे तोड होणार. दुसरी तिच्यासारखीच, जिथे होणार नाही. तोच दगड, तोच उतार, तीच झाडं, शक्यतो दोनेकशे मीटरच्या आत, पण तोडीच्या कडेला चिकटून नाही. कडेची झळ जंगलात आत शिरते; उत्तरेत ती कित्येक मीटर, काही ठिकाणी तीस-चाळीस मीटरही आत जाणवते. तोड न झालेल्या बाजूला थोडं आत गेल्यावरच चौकट लावा. ज्यांना कडेचाच अभ्यास करायचा असेल त्यांनी कडेपासून आत ०, ५, १०, २० आणि ४० मीटरवर चौकटी लावाव्यात.

प्रत्येक जागी निदान १० चौकटी. फक्त हिरव्यागार जागा निवडायचा मोह होतो, तो आवरा. नाल्याकाठी दोरी ताणा आणि दर तीन मीटरला, जे समोर येईल त्यावर चौकट ठेवा. तिथे मॉस नसेल तर शून्य लिहा. शून्यही नोंदच आहे. प्रत्येक चौकटीसाठी लिहा : पृष्ठभाग दगड की माती की साल, उठावदार की खोलगट, तोंड कुठल्या दिशेला. उठावदार-खोलगट हे विसरू नका. स्वीडनमध्ये ओढ्यालगत झाडांच्या अरुंद पट्ट्या राखून केलेल्या मोजणीत उठावाच्या जागचं मॉस जास्त गेलं आणि खोलगट जागचं टिकलं. सेमिनरी हिल्सच्या काळ्या दगडांवर असे उठाव आणि खोबणी हातभर अंतरावर मिळतात.

काळ्या मातीच्या सपाट जमिनीवर चौकट लावू नका. उन्हाळ्यात ती भेगाळते, खुणा सरकतात.

खूण अशी करा की तोडीनंतरही सापडेल. दगडावर चौकटीच्या दोन कोपऱ्यांशी एनॅमलचा बाजरीच्या दाण्याएवढा ठिपका. झाडाला खिळा ठोकायचा नाही. मग वीजेचा खांब, कंपाउंडचा कोपरा, मोरीचा कठडा, अशा न हलणाऱ्या दोन ठिकाणांपासून टेपने अंतर मोजून वहीत लिहा. जेसीबी फिरून गेल्यावर ओळखीची जागा अनोळखी होते, तेव्हा ही दोन अंतरंच तुम्हाला परत नेतात. मोबाईलच्या नकाशातली खूण घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. ती कित्येक मीटर इकडेतिकडे होते आणि आपली चौकट वीतभर आहे.

मोजणी

आधी ओलं करा. हा नियम मोडायचा नाही.

आपल्याकडे दगडांवर आणि भिंतींवर सगळ्यात जास्त भेटतं ते हायोफिला इन्व्होल्युटा. कोरडं असताना त्याची पानं आतल्या बाजूला वळून नळीसारखी मिटतात. वरून बघितलं तर तपकिरी, मेल्यासारखा चोथा दिसतो. भिंग डोळ्याशी धरा, एक फवारा मारा आणि हलू नका. पानांच्या कडा सुटायला लागतात, एकेक पान बाहेर कलतं, आणि बघता बघता तोच चोथा हिरव्या चांदण्यांनी भरतो. सेमिनरी हिल्सवर गवत कापणारे एक काकाजी बराच वेळ आमच्याकडे बघत होते. “मॅडम, हे तर वाळून गेलं, याले काहून मोजता?” मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि फवारा मारला. ते वाकून बघत राहिले. “बाप्पा, हे तर जित्तं हाये!” मग त्यांनीच सांगितलं, की टेकडीच्या उतरत्या बाजूच्या दगडांवर दुपारचं ऊन येते, तिथलं दरसाली आधी वाळते. आम्ही त्या दगडांवरही चौकटी लावल्या.

कोरड्या चौकटीत मॉस आक्रसलेलं असतं, म्हणून तेच मॉस कोरडं मोजलं तर कमी भरतं आणि ओलं मोजलं तर जास्त. आधीची मोजणी ऑगस्टमधली आणि नंतरची जानेवारीतली कोरडी असेल तर तोडीवर नसलेला आळ येईल. म्हणून प्रत्येक चौकट भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग सरळ वरून फोटो आणि मोजणी. फोटोत चौकटीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिसायला हवी.

आता २५ घरांपैकी किती घरांत मॉस आहे ते मोजा. अर्ध्याहून जास्त भरलेलं घर धरायचं, कमी भरलेलं सोडायचं. मोजणी शक्यतो दर वेळी एकाच व्यक्तीने करावी. दोन व्यक्ती असतील तर पहिल्या दिवशी काही चौकटी दोघांनी वेगवेगळ्या मोजून फरक किती येतो ते पाहावं.

एकूण आकडा मात्र पुरेसा नाही. तीन गटांत मोजा. उभी, गुच्छाने वाढणारी मॉस, जसं हायोफिला. आडवी, फांद्या फुटून सरपटणारी मॉस. आणि लिव्हरवर्ट, आपल्याकडे पावसाळ्यात ओल्या मातीवर रिक्सियाच्या गोल, चपट्या, दुभंगत जाणाऱ्या हिरव्या चकत्या दिसतात, त्या यातल्याच. नाल्याच्या काठावर दोन रांगांत पानं असलेलं, दाबून चपटं केल्यासारखं फिसिडेन्स भेटेल. ते उभ्या गटात लिहा, पण शेजारी नावही टाका, कारण ते ओळखायला सोपं आहे. बाकी जातींची नावं लावायची घाई नको. गट बरोबर लागले तर उत्तरेत दिसलेला मुख्य प्रश्न आपल्याला विचारता येतो : सरपटणारी कमी होऊन उभी वाढली का?

मोजणी कधी? मुख्य मोजणी ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, मॉस भरात असताना. तोड बहुधा पाऊस सरल्यावर होते, म्हणजे ‘आधी’ची नोंद नेमकी हातात पडते.

सावली आणि ओल

मॉसच्या आकड्याशेजारी सावलीचा आणि ओलीचा आकडा नसेल तर काय घडलं ते कळतं, का घडलं ते कळत नाही. चौकटीच्या मधोमध मोबाईल आडवा ठेवा, कॅमेरा आकाशाकडे, आणि फोटो घ्या. फोटोवर दहा बाय दहाची जाळी आखून किती घरांत आकाश आणि किती घरांत पानं हे मोजलं की टक्के मिळाले. सप्टेंबर आणि डिसेंबर, असा दोनदा. मेमध्ये काढलेला फोटो सागाखाली काहीच सांगत नाही.

ओलीसाठी मी स्पंज वापरते, आणि ही युक्ती मला फार प्रिय आहे. सारख्या आकाराचे स्पंज भिजवून, जादा पाणी निथळू देऊन, वजन करा. सकाळी दहाला प्रत्येक चौकटीशेजारी एकेक ठेवा, वर बारीक जाळी टाका म्हणजे खारी आणि माकडं पळवणार नाहीत. दुपारी दोनला पुन्हा वजन. किती ग्रॅम पाणी उडालं, तितकी त्या जागेची हवा मॉसला सुकवते. दोन्ही जागी एकाच दिवशी करा, वेगवेगळ्या दिवशी केलं तर तुलना होत नाही. त्याच वेळी तापमापकाचं टोक मॉसच्या उंचीला धरून आकडा घ्या. छातीच्या उंचीची हवा आणि दगडाला लागून असलेली हवा यांत पुष्कळ फरक असतो.

हिरवे आठवडे

पाऊस उघडला की, साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून, दर आठवड्याला ठरलेल्या वारी सकाळी एकाच वेळी फेरी मारा. या फेरीत फवारणी करायची नाही. प्रत्येक चौकटीसमोर एवढंच लिहा : पानं उघडी, अर्धी मिटलेली, मिटलेली. सकाळी दव असतं, म्हणून नऊच्या आधी जाऊ नका. अवकाळी पाऊस झाला तर तारीख लिहा आणि मोजणी चालू ठेवा. मिटलेली पानं पुन्हा उघडतील, तेही नोंदवा. सगळ्या चौकटी मिटल्या की त्या वर्षाची फेरी संपली.

दाट सावलीतल्या खोबणीतली चौकट आणि उघड्या दगडावरची चौकट यांच्या मिटण्यात आठवड्यांचं अंतर पडतं. ते अंतर म्हणजे मॉसला वाढायला मिळालेला जास्तीचा वेळ. झाड गेलं की आधी हाच वेळ कमी होईल, आणि व्याप्ती घटलेली दिसायला कदाचित आणखी एक-दोन पावसाळे जातील. म्हणून घरांची मोजणी तेवढीच भरली तरी ‘परिणाम नाही’ असं पहिल्याच वर्षी लिहू नका.

हिशेब

समजा तोडीच्या जागी सरासरी १८ घरं भरलेली होती, पुढच्या वर्षी ७ निघाली. म्हणजे ११ ची घट. न तोडलेल्या जागी आधी १७, नंतर १५. घट २. ही २ ची घट कमी पावसाने झाली असेल, दुसऱ्या कशाने झाली असेल. ती तोडीच्या माथी मारायची नाही. ११ मधून २ वजा करा, उरली ९ घरं, म्हणजे ३६ टक्के क्षेत्र. तोडीचा अंदाज हा. दुसरी जागा मोजली नसती तर तुम्ही ४४ टक्के लिहिलं असतं. सरासरीबरोबर दहाही चौकटींचे वेगवेगळे आकडे द्या, म्हणजे वाचणाऱ्याला दिसेल की सगळ्याच घटल्या की दोन-तीन चौकटींनीच सरासरी खाली ओढली.

हिशेब तिन्ही गटांचा वेगवेगळा करा. हिरव्या आठवड्यांचाही याच पद्धतीने.

मेलं की झोपलं?

तोडीनंतर फिकं पडलेलं मॉस मेलं असं धरू नका. चिमटीत मावतील इतक्याच, चौकटीच्या बाहेरच्या काही काड्या घ्या. ओल्या टिपकागदावर, झाकणाच्या डबीत, खोलीतल्या उजेडात पण उन्हात नाही, अशा दोन-तीन आठवडे ठेवा. पाणी साठवलेल्या पावसाचं वापरा, नळाचं क्षारयुक्त पाणी नको. शेंड्याला किंवा जुन्या खोडाच्या बगलेत हिरवा फुटवा आला तर जीव आहे. काही जाती वाळलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने तग धरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांना ते करावंच लागतं. उत्तरेतल्या सावलीत वाढलेल्या मॉसकडून ही अपेक्षा करता येत नाही, आणि तिकडचे घटीचे आकडे इथे उचलून लावायचे नाहीत त्याचं हेही एक कारण.

नमुना ठेवायचा असेल तर वर्तमानपत्राच्या कागदाचं पाकीट करून त्यात ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी येते. पाकिटावर तारीख, जागा, चौकटीचा क्रमांक, पृष्ठभाग, दिशा. नागपूरच्या कोरड्या हवेत ते सावलीतच वाळतं, इस्त्री-दाब काही लागत नाही. जात ओळखून हवी असेल तर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा तुमच्या महाविद्यालयातल्या शिक्षकांकडे पाकीट घेऊन जा. दांडी आणि तिच्या टोकाची बोंडं असलेला नमुना असेल तर ओळखणं सोपं जातं. अशी बोंडं पावसाळ्याच्या उत्तरार्धात बघा.

तोड झाल्यावर पहिल्या आठवड्यातच एक फेरी घाला, चौकटींवर फांद्यांचा ढीग पडलाय का, चाक गेलंय का, खूण शाबूत आहे का ते बघायला. ढीग पडलेली चौकट सोडून देऊ नका आणि ढीगही हलवू नका. वहीत ‘ढिगाखाली’ असं लिहा आणि लाकूड उचललं गेलं की त्या तारखेसकट पुन्हा मोजा. पुढच्या ऑगस्टची तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवा, आणि वहीची एक प्रत तुमच्यानंतर ही फेरी मारू शकेल अशा कोणाकडे तरी द्या.